आधी ऊब, मग दूध

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील कितीतरी वस्त्या ओस पडतात. माणसे बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, काही शाळकरी मुले आणि घराला धरून राहणारी मांजरे. अशाच एखाद्या गारठ्याच्या सकाळी कडब्याच्या गंजीखाली तुम्हाला डोळेही न उघडलेले मांजराचे पिल्लू सापडले, तर काय कराल? पिल्लू उबदार आणि शांत असेल, तर त्याला हात लावू नका. आई भक्ष्य शोधायला गेली असेल. पण अंग गार पडले असेल आणि ओरडणेही क्षीण झाले असेल, तर पुष्कळ जण धावत जाऊन दूध आणतील. हेतू चांगला, पण त्यानेच पिल्लू दगावू शकते. असे का, ते पदार्थविज्ञानाच्या आधारे पाहू.

लहान जीव लवकर का निवतो?

१ सेंटिमीटर कडेचा एक घन घ्या आणि ३ सेंटिमीटर कडेचा दुसरा. दुसऱ्याचे घनफळ २७ पट, पण पृष्ठफळ फक्त ९ पट. हाच हिशेब मांजराला लावा. नवजात पिल्लाचे वजन सुमारे १०० ग्रॅम असते. २,७०० ग्रॅमची मांजरी त्याच्या २७ पट जड, पण तिच्या कातडीचे क्षेत्रफळ सुमारे ९ पटच. उष्णता शरीराच्या आत निर्माण होते आणि कातडीतून बाहेर जाते. म्हणजे दर ग्रॅममागे उष्णता घालवणारी कातडी पिल्लाला तिप्पट असते. शिवाय थंडीत थरथरून ऊब निर्माण करणे पहिल्या आठवड्यात त्याला जमत नाही. ती ऊब आईच्या कुशीतून मिळते.

पिल्लू ओले असेल तर धोका अधिक. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. १०० ग्रॅमच्या पिल्लाचे तापमान १ अंशाने उतरायला सुमारे ८३ कॅलरी जाव्या लागतात. आता भागाकार करा. अंगावरचे अवघे १ ग्रॅम पाणी पूर्णपणे त्याच्याच उष्णतेवर वाळले, तर तापमान ७ अंशांनी उतरेल! म्हणून पहिले काम, कोरड्या फडक्याने पुसणे.

दूध नंतर का?

मोठ्या मांजराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. पहिल्या आठवड्यातील पिल्लाचे ३५ ते ३६. ते ३४ च्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते. पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते.

म्हणून खोक्यात जुने कापड अंथरा. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे फार ऊब झाली तर पिल्लाला सरकता येईल. चुलीजवळ ठेवू नका. एकदम तापवल्याने कातडी भाजते. तासा-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्या. गाईचे दूधही योग्य नव्हे. त्याने पिल्लांना हगवण लागते आणि अंगातले पाणी कमी होते. काय पाजायचे, ते डॉक्टरांना विचारा. पाजताना पिल्लाला पालथेच धरा, उताणे कधीच नको.

डॉक्टरांकडे जाताना

ज्याला आपण गुरांचा दवाखाना म्हणतो, तेथे मांजरही नेता येते. आजार अवघड असेल, तर शेजारच्या परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पिल्लाला ऊबदार बाटलीसह, भोके पाडलेल्या खोक्यातून न्या. जाण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: वजन, शेवटचे केव्हा प्याले, शी कशी झाली. निरोगी पिल्लाचे वजन रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. दोन दिवस वाढले नाही, तर ती आजाराची खूण समजा.

घरातले औषध मात्र देऊ नका. माणसाचा ताप उतरवणारे पॅरासिटामॉल मांजराला विष ठरते, कारण ते निकामी करणारी रासायनिक क्रिया मांजराच्या यकृतात फार कमी होते. आणि पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा, मोठ्यांना सांगा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. रेबीजवर लस आहे. पण रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाही.

करून पाहा

एक मोठा आणि दोन लहान सारखे डबे घ्या. तिन्हींत ५० अंशांचे पाणी काठोकाठ भरून झाकणे लावा. एका लहान डब्याभोवती ओले फडके गुंडाळा. दर ५ मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. कोणता डबा आधी निवला? त्या डब्याच्या जागी पिल्लू आहे अशी कल्पना करा, म्हणजे फडके आधी का आणि दूध नंतर का, हे कुणी सांगावे लागणार नाही.