कर्जाच्या दप्तरात नाव नसलेल्या पुतण्यास

चि. अनिरुद्ध यास,

तुझे पत्र पावले. जन्मात कोणाचा पैसा बुडविला नाही, उसनवारी कधी केली नाही, आणि तरीही मोटारसायकलीच्या कर्जाचा तुझा अर्ज बँकेने ‘पूर्वेतिहास नाही’ असा शेरा मारून परत करावा, याचा तुला आलेला संताप स्वाभाविक आहे. परंतु त्या संतापाच्या भरात तू कर्ज नसणे आणि पत असणे या दोन गोष्टी एकच मानीत आहेस, आणि धनकोच्या लेखी त्या कधीच एक नव्हत्या.

कर्जदारांच्या परतफेडीचे दप्तर ठेवणारी सिबिल ही संस्था 2000 साली निघाली, 2005 च्या कायद्याने असल्या संस्थांचे नियमन झाले, आणि आज अशा चार कंपन्या बँकांकडून कर्जदारांच्या हप्त्यांची माहिती मागवून प्रत्येकास 300 ते 900 यांच्या दरम्यान एक गुणांक देतात. त्या गुणांकात तुझा पगार नाही, पदवी नाही, वडिलांची जमीन नाही, बँकेतील मुदत ठेवही नाही. घेतलेले कर्ज ठरल्या तारखेस फेडले की नाही, मंजूर मर्यादेपैकी किती उचलले, व्यवहार किती जुना आहे आणि अलीकडे किती ठिकाणी अर्ज टाकले, मुख्यत्वे एवढेच तो पाहतो. केवळ पूर्वेतिहास नाही या कारणास्तव पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्यास नकार देऊ नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे खरी. पण सूचना आणि शाखाधिकाऱ्याची सही यांच्यातील अंतर मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

तेव्हा एक लहानशी ठेव तारण ठेवून तिच्यावर मिळणारे क्रेडिट कार्ड घे, त्यावर किराणा आणि विजेचे बिल एवढाच खर्च कर, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नकोस, आणि संपूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी तजवीज करून ठेव. बिलावर ‘किमान देय’ म्हणून जी अल्प रक्कम छापलेली असते, तेवढीच भरल्याने थकबाकीचा डाग टळतो, हे खरे; परंतु बाकीवर कित्येक कार्डांचे व्याज दरमहा तीन टक्क्यांहून अधिक चढते, आणि चढत जाणारी बाकी गुणांकासही खाली ओढते. आणि एका बँकेने नाकारले म्हणून लागोपाठ पाच बँकांत अर्ज देऊ नकोस. प्रत्येक चौकशी दप्तरात नोंदली जाते.

ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली, ती तुझ्या पत्रात तू ओझरती लिहिली आहेस: कचेरीतील स्नेह्याने त्याच्या बँकेच्या कर्जास जामीन राहण्याची गळ घातली आहे. आपल्याकडे जामीन ही भिडेखातर करावयाची सही समजली जाते. वस्तुतः ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसते, मूळ कर्जदाराने हप्ते चुकविले तर त्याचा डाग तुझ्या नावावर येतो, आणि वसुलीचा तगादा तुझ्या दारी येण्यापूर्वी कर्जदाराची सर्व मालमत्ता विकून झाली पाहिजे, असा कायदा नाही. उद्या घरासाठी कर्ज मागशील तेव्हा तो भार तुझ्याच माथी धरला जाण्याचा संभव आहे. स्नेह राखावयाचा असेल तर हातातली रक्कम दे, सही देऊ नकोस.

तसाच दुसरा सापळा तडजोडीचा. थकलेल्या कर्जाचे निम्मे भरा, बाकी सोडून देतो, असे वसुलीवाला गोड शब्दांत सांगतो. बिचारा कर्जदार सुटलो म्हणून हरखतो. आणि दप्तरात मात्र ‘पूर्ण फेड’ असे न लिहिता ‘तडजोड’ असे लिहिले जाते, जे पुढील धनको वर्षानुवर्षे वाचीत राहतो. अडचण आलीच तर मुदत वाढवून माग, आणि कर्ज फिटताच बेबाकीचा दाखला हस्तगत कर.

1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही होते की आपल्या नावे काय लिहिले आहे, हे त्या निरक्षर ऋणकोंना वाचता येत नव्हते. तुला ते वाचता येते. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा नियम आहे, आणि स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक तिळभरही घटत नाही. त्यात दुसऱ्याचे कर्ज तुझ्या नावे चढलेले दिसले, किंवा फिटलेले कर्ज चालू दाखविलेले आढळले, तर लेखी तक्रार कर. तीस दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई मागण्याचा तुझा हक्क आहे. ‘सिबिल सुधारून देतो’ म्हणणाऱ्या दलालास एक पैसाही देऊ नकोस. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्याला नाही, आणि खोटी पुसून घेण्यास तू समर्थ आहेस.

कार्ड घेतल्यानंतर सहा महिन्यांनी अहवाल मागव आणि मला दाखव. आणि त्या जामिनाच्या कागदावर, निदान मला भेटेपर्यंत, सही करू नकोस.

तुझा,
काका