शेततळ्यातील माशांना लसूण

शेततळ्यात रोहू-कटला सोडलेले सभासद बंधू आम्हाला विचारतात, माशांच्या अंगावर लाल व्रण आले, कोणते औषध टाकू? खरा उपाय त्याआधी, खाद्यातून करावयाचा असतो. व्रण पाडणारा एरोमोनास जंतू पाण्यात असतोच. भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोहूच्या बोटुकलींना किलो खाद्यामागे 1 ते 10 ग्रॅम लसूण 60 दिवस दिला. पुढे हा जंतू टोचला तेव्हा लसूण खाल्लेली पिल्ले जास्त जगली.

तेव्हा पेंड-कोंड्यात किलोला 5 ग्रॅम लसूण वाटून, पेजेत कालवून गोळे द्यावेत. जादा घालून जादा गुण येत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडत असतील, तर ती प्राणवायूची टंचाई. तेथे लसूण काय करणार! ताजे पाणी सोडा.

क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना मत्स्यपालनात बंदी आहे. मुंबईस दादर-परळच्या बाजारात आपला मासा गेला, तर गिऱ्हाईक कल्ला उघडून ताजेपणा पाहील; औषधाचा अंश त्याला कसा दिसणार? तो पोराबाळांच्या ताटात जातो.

व्रण दिसलेच, तर दोन-चार जिवंत मासे त्याच तळ्याच्या पाण्यात घालून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावेत.