फरशीची निगा : काही शब्द, काही अर्थ

‘साफ करणे’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. वर्गाचा केर काढायचा असो वा व्हरांड्यातला डाग घालवायचा असो, शिपाईमामांना आपण एवढेच सांगतो, “जरा साफ करा.” वस्तुतः या एका शब्दाच्या पोटात चार-पाच निरनिराळी कामे आहेत.

जुनी मराठी या बाबतीत अधिक काटेकोर होती. अंगण झाडायचे ते खराट्याने. घरातला केर काढायचा तो मऊ केरसुणीने. मातीची जमीन आधी चोपायची, मग सारवायची. सारवणे म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे, तर माती धरून ठेवणारा थर देणे; तो झिजला की पुन्हा द्यायचा. दगडाची छिद्रे बुजवणारा आजचा ‘सीलर’ याच कुळातला म्हणावा लागेल.

सफाईच्या व्यवसायात पहिले काम कोरडे असते : धूळ व वाळू उचलणे. ते गाळून ओले फडके फिरवले तर चिखल होतो, आणि राहिलेले वाळूचे कण पायांखाली फरशीवर ओरखडे पाडतात. त्यानंतर पुसणे म्हणजे ‘मॉपिंग’, आणि हट्टी मळासाठी घासणे म्हणजे ‘स्क्रबिंग’. ‘स्ट्रिपिंग’ म्हणजे पॉलिशचा जुना थर उतरवणे. ‘बफिंग’ म्हणजे फिरत्या चकतीने चमक आणणे.

सर्वांत जपून उच्चारावा असा शब्द मात्र ‘अ‍ॅसिड’. शहाबादी, कडप्पा, कोटा हे सारे चुनखडीचे दगड. संगमरवरही रासायनिक दृष्ट्या त्यांचाच भाऊबंद, आणि मोझॅकमध्ये बहुधा त्याच्याच खड्या असतात. अशा फरशीवर अ‍ॅसिड ओतले की फेस येतो. पाहणाऱ्याला वाटते, मळ निघाला! प्रत्यक्षात दगड विरघळत असतो. या फरश्यांना ‘न्यूट्रल’, म्हणजे ७ च्या आसपास पीएच असलेले द्रावणच योग्य.

याहून गंभीर गोष्ट अशी की, अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. बाटलीवरची सूचना बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असते, आणि बाटली ज्यांच्या हाती असते त्यांना ती वाचता येते का, हे सहसा कोणी विचारीत नाही. ‘ही दोन कधीही मिसळू नयेत’ एवढे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून सफाईच्या कपाटावर चिकटवायला एक पुठ्ठा आणि थोडी खळ पुरे.