यंत्रयुगातील अमूर्त चित्र : एक पाठ

गतवर्षी चित्रकलेच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हास विचारले, "सर, चार शब्द सांगितले की यंत्र क्षणात चित्र काढून देते. मग आम्ही कुंचला का धरावा?" त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. आज इतिहासाच्या आधारे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. हुबेहूब प्रतिमा यंत्र टिपू लागले, तेव्हा चित्रकलेचे काय होणार, हाच प्रश्न उभा राहिला. चित्रकला संपली नाही; तिने वाट बदलली. विसाव्या शतकाच्या आरंभी कान्दिन्स्की, मालेविच प्रभृतींनी वस्तूचे रूपच बाजूस सारले. त्यास इतरही कारणे होती. परंतु नक्कल हेच चित्राचे कार्य नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या भूमीतील उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचे. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकारावर झेन बौद्ध विचारांचा खोल प्रभाव होता. रोलर व पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवीत, उतरवीत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत.

कोणी म्हणेल, अमूर्त चित्र यंत्रही काढते. खरे आहे. कोट्यवधी चित्रांवरून शिकलेले यंत्र रंगांची हवी ती मांडणी करते. म्हणून उत्तर चित्राच्या रूपात नव्हे, तर काढणाऱ्याच्या चित्तात शोधावे लागते. थांबून पाहण्याने माणसात जो पालट होतो, तो उसना मिळत नाही. भगवान बुद्धांनी सम्यक स्मृतीचा मार्ग सांगितला, तोही ज्याचा त्यानेच चालावयाचा आहे.

तथापि यंत्राचा द्वेष आपणास शोभणार नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना दाखवून दिले की, दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्राने कष्टकऱ्यास फुरसत द्यावी, संस्कृतीचे दार उघडावे, ही त्यांची भूमिका होती. आजची यंत्रे ज्यांच्या चित्रांवर शिकली, त्यांतील अनेक कलावंतांची संमती घेतली गेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे श्रम फुकट घेतले गेले, त्या समाजाने हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

तेव्हा त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे : बाळा, यंत्र अवश्य शीक, पण रोज थोडा वेळ कोरा कागद आणि एकच रंग घेऊन बैस. जे उमटेल ते कदाचित सामान्य असेल. पाहणारा मात्र तू स्वतः असशील.