ऐरोलीच्या गेटातून आत जाण्याआधी

पोरी, इंटरव्ह्यूचा मेल आला म्हणालीस, म्हणून हे सांगून ठेवते. या ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी टेबलाच्या अलीकडेही बसले आणि पुढे मुलं निवडायला पलीकडेही. फ्रेशरला सगळं येत असेल अशी अपेक्षा कोणीच ठेवत नाही. प्रश्न समोर आल्यावर तुझं डोकं कसं चालतं, ते बघायचं असतं.

मेलमधला पत्ता नीट वाच, नुसत्या 'नवी मुंबई'वर घरातून निघू नकोस. माइंडस्पेस असेल तर ऐरोलीला उतरायचं, स्टेशनजवळच आहे. मिलेनियम बिझनेस पार्क असेल तर ते महापेला, कोपरखैरणे किंवा घणसोलीहून रिक्षा करावी लागेल. ट्रान्स-हार्बर सकाळी भरून येते, गेटवर ओळखपत्र दाखवून पास काढण्यात वेळ जातो आणि पावसाचे दिवस आहेत. आधीची गाडी पकड.

आता टेक्निकल राउंड. डेटाबेसचा एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो: कर्मचाऱ्यांच्या टेबलातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढ. मुलं पाठ केलेली क्वेरी झरझर लिहितात. पगार उतरत्या क्रमाने लावायचे, पहिली ओळ सोडायची, पुढची घ्यायची. पण सगळ्यात जास्त पगार दोघांना सारखाच नव्वद हजार असेल तर? तुझी क्वेरी दुसरा म्हणूनही नव्वद हजारच दाखवेल. तिथे डिस्टिंक्ट लावावं लागतं. आणि टेबलात एकच कर्मचारी असेल तर? एका पद्धतीत नल येईल, दुसरीत ओळच येणार नाही. म्हणून लिहायच्या आधी विचार, "सर, दोघांचा पगार सारखा असेल तर काय धरायचं?" हा प्रश्न ऐकला की समोरचा खुर्चीत सावरून बसतो, हे मी कितीदा पाहिलंय. मग तो म्हणेल, आता प्रत्येक डिपार्टमेंटचा काढ. तेव्हा डेन्स रँक आणि पार्टिशन बाय लागेल, ते आज रात्रीच हाताने कागदावर लिहून बघ.

कोडिंगचंही तसंच. आधी साधं, हळू चालणारं उत्तर तोंडाने सांग आणि ते हळू का हेही सांग. एक लाख आकड्यांतून ठरावीक बेरजेची जोडी शोधायची आणि प्रत्येक आकडा प्रत्येकाशी ताडून पाहिला, तर जवळजवळ पाचशे कोटी जोड्या होतात. हॅशमॅप वापरला तर यादीतून एकदाच जायचं. हा हिशेब बोलून दाखव. गप्प बसून लिहीत राहिलीस तर तुझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना कळणार कसं? अडलीस तर "इथे अडले" म्हण, बहुतेक जण धागा देतात.

रेझ्युमेवर चौघांचा प्रोजेक्ट टाकला असशील तर त्यातलं तू काय केलंस तेवढंच सांग. येत नाही ती भाषा लिहू नकोस, बोट नेमकं तिथेच पडतं. इंग्रजी साधं, छोट्या वाक्यांचं बोल. मराठी शाळेत शिकलीस याचा संकोच नको.

एचआरने सीटीसी सांगितला की हातात किती येणार ते विचार. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बहुधा ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल धरलेलं असतं. बाँड असेल तर किती काळाचा आणि मोडला तर किती भरायचे, हे सही करण्याआधी वाच. "कळवतो" म्हणून पुढे निरोप आला नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. कधी कधी मागणीच रद्द झालेली असते, तुझं काही चुकलेलं नसतं.

कंपनीच्या नावालाही फार भुलू नकोस. ऐरोलीत पटनीचं केवढं मोठं नाव होतं. २०११ मध्ये ती आयगेटने घेतली आणि २०१५ मध्ये आयगेट कॅपजेमिनीने. काम येणारी माणसं प्रत्येक नव्या पाटीखाली टिकली.

शेवटचं, आणि हे तुझ्या वर्गातल्या मुलांनाही सांग. ट्रेनिंग, लॅपटॉप किंवा व्हेरिफिकेशनच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर ऑफर लेटरवर कितीही मोठ्या कंपनीचा लोगो असो, एक रुपयाही देऊ नका. मेल कुठल्या पत्त्यावरून आला ते बघा आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून खात्री करून घ्या.