निवृत्तीची तयारी : पैशापलीकडची

फंडात किती जमले, ग्रॅच्युइटी किती मिळेल, पेन्शन किती बसेल, हा हिशेब पन्नाशीतच मांडून ठेवणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. ते योग्यच आहे. पण दुसरा एक हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. कामाचे आठ तास आणि जाण्यायेण्याचे दोन, असे दिवसाचे दहा तास धरा. आठवड्याच्या सहा दिवसांचे साठ झाले आणि वर्षाच्या पन्नास आठवड्यांचे ३००० तास. हार-नारळ घेऊन घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे ३००० तास आपल्या पुढ्यात येऊन पडतात.

‘वेळ मिळाला की सुचेल काहीतरी’ असे पुष्कळजण म्हणतात. अनुभव तसा नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेंथाल नावाचे गिरणीचे गाव आहे. १९२९-३० मध्ये तेथील गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्सायझेल ह्या अभ्यासकांनी १९३१-३२ मध्ये गावाची बारकाईने पाहणी केली. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुषांची चाल मंदावली आणि दिवसभरात काय केले हे त्यांना नीट सांगता येईना. स्त्रियांचे तसे झाले नाही, कारण घरकाम सुटले नव्हते. त्या गावावर गरिबीचाही घाला होता, हे खरे. पेन्शनर तेवढा अडचणीत नसतो. तरीपण रिकामा वेळ आपोआप भरत नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो.

पुढे याहोडाबाईंनी असे मांडले की, पगाराखेरीज नोकरी माणसाला पाच गोष्टी देते : दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसे, दहाजणांच्या कामात वाटा, समाजात ओळख आणि नियमित हालचाल. निवृत्तीच्या दिवशी ह्या पाचही एकदम जातात. म्हणून त्यांची सोय आधीपासून करायची.

१. दिवसाची आखणी. निवृत्तीपूर्वी दोन-तीन वर्षे एकदा आठ दिवसांची रजा घ्यावी. लग्नकार्य नाही, प्रवास नाही, अशी रजा. घरीच राहावे आणि प्रत्येक दिवस कसा गेला ते वहीत लिहावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोठे कंटाळा आला, कोठे चिडचिड झाली, ते कळते. तीच तयारीची यादी समजावी.

२. माणसे. कचेरीतील ओळखी बहुधा कचेरीतच राहतात. गावातील भजनी मंडळ, वाचनालय, सोसायटी, शाळेची समिती, ह्यांपैकी एका ठिकाणी पंचावन्नच्या आतच जाऊ लागावे. साठीनंतर एकदम गेलेल्या माणसाला तेथे खुर्ची मिळते. काम मिळायला वेळ लागतो.

३. उपयोग आणि ओळख. ‘मी हेडक्लार्क’, ‘मी फोरमन’ ही ओळख संपली की मागे काय उरते? हातात एखादे कसब असावे. मुलांना गणित शिकवणे, सायकल किंवा पंप दुरुस्त करणे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे बँकेचे अर्ज भरून देणे, काहीही चालेल. मात्र ते नोकरीत असतानाच शिकावे. तेव्हा चूक झाली तर कोणी हसत नाही.

४. शरीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे भराभर चालण्याइतका व्यायाम करावा. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काम करावे. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही आठवड्यातून तीन दिवस हवा, म्हणजे पडझड टळते. रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. कान आणि डोळे ह्यांची हयगय करू नये. ऐकू येईनासे झालेला माणूस चारचौघांत बसणे टाळू लागतो आणि एकटा पडतो.

५. झाडे. ज्यांना परस किंवा शेताचा तुकडा आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की झाड आपल्या निवृत्तीची वाट पाहत नाही. उंच जातीचा माड साधारण सहा-सात वर्षांनी धरतो. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी रोप लावले तर साठीला नारळ हाती येतो. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावे. खड्डा मीटरभर लांब, रुंद व खोल असा पावसाआधी खणून ठेवावा. पहिली काही वर्षे उन्हाळ्यात सावली व पाणी द्यावे आणि शेंड्यात गेंड्या भुंगा आहे का ते पाहत जावे. काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फळू लागते, म्हणून ते थोडे उशिरा लावले तरी चालते.

आता घरातली गोष्ट. तीस वर्षे जे घर दिवसभर पत्नीच्या हाती होते, तेथे मालक एकदम चोवीस तास येऊन बसतात. डाळीत मीठ किती, गॅस मोठा का, दूधवाल्याला किती दिले, अशी विचारपूस सुरू होते आणि भांडणास तोंड फुटते. नोकरी करणाऱ्या बाईचे दुःख उलट असते. ती शाळेतून वा दवाखान्यातून निवृत्त होते आणि तिचे ३००० तास घरातली माणसे न विचारता वाटून घेतात. म्हणून नवराबायकोने आधीच बसून बोलावे : कोणते काम कोणाचे, दुपारी कोण कोठे, नातवंडे किती वेळ सांभाळायची. पुरुषांनी निदान भात-आमटी करायला शिकून ठेवावे. घरातले निम्मे काम उचलणारा निवृत्त माणूस जड होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. संध्याकाळी एक पेला घेणारा माणूस रिकामपणी दुपारीच बाटली काढतो, हे घरोघरी जाताना आम्ही पाहतो. त्याला नुसता उपदेश करून भागत नाही. दुपारचे दोन तास कोणाला तरी त्याची गरज असली पाहिजे.

ज्यांना पन्नास पूर्ण झाली आहेत त्यांनी ह्याच आठवड्यात एक वही घ्यावी. वरील पाच गोष्टींपुढे आपल्याजवळ आज काय आहे ते लिहावे. जी जागा कोरी राहील तेथून सुरुवात करावी, आणि ती वही घरच्यांनाही वाचायला द्यावी.