हिवाळ्याची पूर्वतयारी : अमीनाबादमधील घरे

ज्या प्रदेशांत दरवर्षी बर्फ पडते, तेथे घर बांधतानाच हिवाळ्याचा विचार केलेला असतो. उतरते छप्पर, दुहेरी काचांच्या खिडक्या, भिंतींच्या पोटात भरलेले उष्णतारोधक थर आणि धूर बाहेर नेणारे धुराडे ही त्या विचाराचीच अंगे होत. गंगेच्या मैदानात बर्फ पडत नाही. तेथील घर मुख्यत्वे वैशाख-ज्येष्ठातील 'लू' या तप्त वाऱ्याशी झुंजण्यासाठी रचलेले असते. म्हणूनच पौष-माघात त्या घराची निराळी तयारी करावी लागते. लखनौमधील अमीनाबाद या जुन्या वस्तीच्या उदाहरणावरून या तयारीमागील शास्त्र समजून घेता येईल.

अवधचे राजे अमजद अली शाह यांनी १८४२ ते १८४७ या काळात राज्य केले. त्यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावावरून या वस्तीला अमीनाबाद हे नाव मिळाले. खाली दुकाने, वर राहती घरे आणि मधून अरुंद गल्ल्या अशी तिची ठेवण आहे. जवळच असलेल्या कैसरबागेशी मराठी वाचकाचा परिचय असतो, तो पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौमध्ये स्थापन झालेल्या संगीत विद्यालयामुळे. मुंबई-पुण्याकडून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला लखनौची पहिली थंडी अनपेक्षित वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

थंडीचे स्वरूप

लखनौमध्ये जानेवारीचे सरासरी किमान तापमान सात-आठ अंश सेल्सियसच्या आसपास असते. पश्चिमेकडून येणारे वातविक्षोभ हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले, की वायव्येकडील कोरडे, थंड वारे मैदानात उतरतात. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर वा त्याखाली असून सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी झाले, अथवा ते ४ अंशांवर वा त्याखाली आले, म्हणजे हवामान खाते थंडीची लाट आल्याचे मानते.

परंतु रात्रीच्या गारठ्यापेक्षाही माणसाला जेरीस आणते ते दिवसाचे धुके. ओलसर जमीन, स्तब्ध हवा आणि लांब रात्र यांमुळे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून दाट धुके पडू लागते. कधी कधी ते अनेक दिवस हटत नाही. सूर्यदर्शन होत नाही आणि दुपारचे तापमानही वर चढत नाही. अशा वेळी घराला उष्णता मिळण्याचा मुख्य स्रोतच बंद होतो.

भिंती आणि ऊन

अमीनाबादमधील जुन्या वाड्यांच्या भिंती 'लखौरी' नावाच्या पातळ, चपट्या विटांच्या असून चुना व सुरखी, म्हणजे विटांची पूड, यांच्या मिश्रणाने त्या सांधलेल्या असतात. अशी जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते आणि कित्येक तासांनंतर आतल्या बाजूस सोडते. दिवसा ऊन व रात्री थंडी असा क्रम असेपर्यंत ही व्यवस्था उत्तम चालते. मात्र सतत चार-पाच दिवस धुके राहिले, की भिंतीतील साठा संपतो, आणि एकदा थंडावलेली जाड भिंत तितक्याच सावकाश पुन्हा तापते. म्हणून ऊन असेल त्या प्रत्येक दिवशी ते घरात घेणे, हा तयारीचा पहिला नियम होय.

ऊन कोठून येते, हे सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. लखनौचा अक्षांश जवळजवळ २७ अंश उत्तर आहे. २१ जूनला भरदुपारी तेथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ८६ अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर असतो, तर २२ डिसेंबरला तो केवळ ४० अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीवरचा छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात आत येऊ देतो. या बाजूचे पडदे दिवसा पूर्ण उघडावेत आणि सूर्य कलताच ओढून घ्यावेत.

चौकाची गोष्ट वेगळी आहे. सूर्य ४० अंशांवर असताना सहा मीटर उंचीच्या भिंतीची सावली सुमारे सात मीटर लांब पडते. चौकाची रुंदी याहून कमी असेल, तर त्या दिवसांत तेथील जमिनीला दुपारीही ऊन लागत नाही. हिवाळ्यात धान्य निवडणे, लोणची घालणे, तान्ह्या मुलांना तेल लावणे ही सारी कामे गच्चीवर होताना दिसतात, त्याचे कारण या साध्या भूमितीत आहे.

फटी, जमीन आणि रुई

उन्हाळ्यात गरम हवा निघून जावी म्हणून छताजवळ झरोके ठेवलेले असतात. त्यांना तेथे रोशनदान म्हणतात. हिवाळ्यातही उबदार हवा याच मार्गाने निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी दाराखालच्या फटीतून थंड हवा आत शिरते. वारा असलेल्या संध्याकाळी पेटती उदबत्ती दार-खिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरवली, तर धुराची रेघ जेथे वाकते तेथे फट आहे असे समजावे. मात्र उदबत्ती पडद्यांपासून दूर धरावी. दाराखाली कापडाची गुंडाळी ठेवणे, तावदानांच्या कडा कागदी पट्ट्यांनी चिकटवणे आणि दारावर जाड पडदा लावणे एवढ्याने बराच फरक पडतो. विणलेल्या खाटेच्या खालूनही थंडी येते. म्हणून अंगावर एक पांघरूण वाढविण्याआधी अंगाखाली एक गादी वाढवावी. अवधच्या खेड्यांतून हेच काम भाताचा पेंढा करतो.

दसऱ्यानंतर पेट्यांतून लिहाफ व रजया बाहेर निघतात आणि धुनियाला, म्हणजे आपल्याकडील पिंजाऱ्याला, बोलावणे जाते. रजईत ऊब निर्माण होत नाही. रुईच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. वापराने रुई दबते, तिच्या गाठी होतात आणि हवेला जागा उरत नाही. पिंजल्यावर तंतू पुन्हा सुटे होतात. ओलावा हा रजईचा दुसरा शत्रू होय. स्थिर हवेच्या मानाने पाणी सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून रजईला ऊन दाखविणे ही केवळ रीत नसून ती आवश्यक गोष्ट आहे.

अंगीठीचा धोका

एवढे करूनही थंडी उरते, तेव्हा कोळशाची अंगीठी खोलीत येते. आणि ज्या तयारीने घर उबदार केले, तीच आता घातक ठरू शकते. फटी बुजवलेल्या खोलीत कोळसा अपुरा जळतो व कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडला जातो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही त्याची लक्षणे झोपलेल्या माणसाला जाणवतही नाहीत. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बंद खोल्यांतून माणसे मृत्युमुखी पडतात.

याबाबत दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. धूर थांबून निखारे लाल झाले म्हणजे धोका टळला, हा पहिला. वस्तुतः निर्धूर निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो. खोलीत पाण्याचे भांडे ठेवले की वायू त्यात विरघळतो, हा दुसरा. हा वायू पाण्यात अत्यल्प विरघळतो. पाण्याने हवेचा कोरडेपणा थोडा कमी होईल, जीव वाचणार नाही. शेकोटी उघड्या चौकातच असावी. अंगीठी खोलीत आणलीच, तर दार-खिडकी उघडी ठेवून सर्वजण जागे असतानाच ती वापरावी व झोपण्यापूर्वी घराबाहेर न्यावी. न्हाणीघरातील गॅसच्या बंबालाही हाच नियम लागू होतो. फटी बुजवताना एक रोशनदान थोडे उघडे राहिलेच पाहिजे.

सर्व खोल्या उबदार ठेवणे बहुतेक कुटुंबांना परवडणारे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड ऋतूसाठी घरातील किमान तापमान १८ अंश सुचविले. अमीनाबादमधील अनेक घरांत जानेवारीत ते गाठता येत नाही. म्हणून निवड करावी लागते. वृद्धांना थंडीची जाणीव उशिरा होते आणि नवजात बालकाला अंग कापवून ऊब निर्माण करता येत नाही. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंशांखाली गेले, की प्राणावर बेतते. घरातील सर्वांत जास्त ऊन येणारी, दक्षिणेकडील खोली प्रतिष्ठेची बैठक म्हणून राखून न ठेवता या दोघांना द्यावी. हिवाळ्याच्या तयारीत पैसे न पडता करता येण्याजोगा, आणि बहुधा सर्वांत मोलाचा, फेरबदल हाच होय.